जुन्या खानेसुमारीतले फसवे शब्द

इंग्लंड आणि वेल्समध्ये १८०१ पासून दर दहा वर्षांनी खानेसुमारी होत आली आहे. खंड पडला तो फक्त १९४१ मध्ये, युद्धामुळे. पहिल्या चार खेपांना सरकारला डोकी मोजायची होती, त्यामुळे त्या कागदांत माणसांची नावे सहसा मिळत नाहीत. ६ जून १८४१ ची खानेसुमारी ही देशभर नावानिशी झालेली पहिली. शंभर वर्षे उलटल्यावर हे कागद खुले होतात, आणि त्या नियमाने १८४१ ते १९२१ या नऊ खानेसुमाऱ्यांतील घरोघरच्या नोंदी आज कुणालाही पाहता येतात. पूर्वजाचे नाव, वय, धंदा, जन्मगाव आणि मोजणीच्या रात्री त्याच्या छपराखाली असलेली सगळी माणसे ओळीने लिहिलेली मिळणे ही कौटुंबिक इतिहास शोधणाऱ्याला मोठीच पर्वणी असते. पण नोंद सापडणे वेगळे आणि ती समजणे वेगळे. या तक्त्यांतले बरेचसे शब्द आजही वापरात आहेत, आणि म्हणूनच ते फसवतात. अनोळखी शब्द दिसला तर माणूस कोश उघडतो. ओळखीचा दिसला तर तसाच पुढे जातो.

शब्दाचा अर्थ लावण्याआधी तो कागदावर कसा आला हे पाहावे लागते. १८४१ नंतर स्थिरावलेली पद्धत अशी होती: प्रगणक काही दिवस आधी घरोघर छापील तक्ता देऊन जाई. ठरलेल्या रविवारी रात्री घरात जे कोणी मुक्कामाला असेल, त्याची माहिती कुटुंबप्रमुखाने त्यात भरायची. सोमवारी प्रगणक तक्ते गोळा करी. घरात लिहिता येणारे कुणी नसेल तर तोंडी विचारून स्वतःच भरी. मग हे सगळे तक्ते तो एका वहीत उतरवून काढी. १८४१ ते १९०१ या काळातले मूळ घरतक्ते, थोडे अपवाद सोडले तर, नंतर नष्ट करण्यात आले. आज दिसते ती प्रगणकाची वही. ती लंडनला पोचल्यावर तिथले कारकून वये आणि धंदे मोजताना तिच्यावर रेघा ओढत, खुणा करत, आणि पुष्कळदा नेमका हवा तो आकडा त्या फराट्याखाली गेलेला असतो. संगणकावर शोध घेताना समोर येते ते त्याहीनंतरचे काम, म्हणजे वहीची प्रतिमा वाचून अलीकडे कुणीतरी केलेली नक्कल. सांगणारा, लिहिणारा, उतरवणारा आणि वाचणारा असे सगळे एकेका शब्दाला हात लावून गेलेले असतात. १९११ आणि १९२१ चे घरतक्ते मात्र जपले गेले, आणि तिथे प्रत्यक्ष कुटुंबप्रमुखाचे अक्षर पाहायला मिळते. म्हणून पहिला नियम असा की नकलेवर विसंबू नये, मूळ पानाची प्रतिमा उघडावी आणि ते एक पान पाहून न थांबता आधीची-नंतरची दोन-चार पानेही चाळावीत. त्या प्रगणकाचे वळण, त्याच्या खुणा, त्याच्या सवयी कळल्याशिवाय त्याचा शब्द कळत नाही.

वयाचा घोटाळा सर्वांत जास्त १८४१ च्या वहीत होतो. पंधरा वर्षांवरील माणसाचे वय पाचाच्या पटीत, खालच्या बाजूला आणून लिहावे असा आदेश होता. तेव्हा एखाद्या बाईचे वय ४५ लिहिले असेल तर ती ४५ पासून ४९ पर्यंत कितीही वर्षांची असू शकते, आणि तिचा जन्म जून १७९१ ते जून १७९६ या पाच वर्षांत कुठेही पडतो. तीच बाई ३० मार्च १८५१ च्या खानेसुमारीत ५८ वर्षांची दिसली, तर नवखा वाचक दहा वर्षांत तेरा वर्षे कशी वाढली म्हणून ही दुसरीच कुणी असावी असे ठरवतो. प्रत्यक्षात दोन्ही नोंदी चोख जुळतात. उलट १८४१ मध्ये कुणाचे वय ४७ लिहिलेले असेल, तर त्या प्रगणकाने आदेश न पाळता सांगितलेले वय जसेच्या तसे टिपले असे समजावे. तान्ह्या मुलांच्या बाबतीत वेगळी अडचण आहे. तीन महिन्यांचे मूल ‘३/१२’ असे, बाराव्या भागाच्या हिशेबाने लिहीत. छेदाचा आकडा पुसट असेल तर ते मूल तीन वर्षांचे वाचले जाते, आणि त्याचा जन्मदाखला तीन वर्षे अलीकडे-पलीकडे शोधण्यात वेळ जातो.

१८४१ मध्ये जन्मस्थानही धड विचारले नव्हते. माणूस राहतो त्याच काउंटीत जन्मला का, याला ‘वाय’ किंवा ‘एन’ एवढेच उत्तर. स्कॉटलंड, आयर्लंड किंवा परदेशात जन्मलेल्यासाठी ‘एस’, ‘आय’ आणि ‘एफ’ ही अक्षरे. घाईच्या अक्षरात ‘आय’ आणि ‘वाय’ यांची अदलाबदल झाली की आयरिश कुटुंब इंग्रज ठरते. नाते तर त्या साली विचारलेच नव्हते. चाळिशीचा पुरुष, पस्तिशीची स्त्री आणि तीन मुले एकाखाली एक असली म्हणजे ते नवरा-बायको आणि त्यांची मुले, असे कागद म्हणत नाही. तो विधुर भाऊ आणि त्याचे घर सांभाळणारी बहीणही असू शकते. नावांच्या डावीकडे ओढलेल्या तिरप्या रेघा इथे कामी येतात: एक रेघ म्हणजे त्याच घरातले एक कुटुंब संपले, दोन रेघा म्हणजे घर संपले. नकलेत या रेघा बहुधा गळतात, आणि दोन वेगळी बिऱ्हाडे एक होऊन बसतात.

१८५१ पासून प्रत्येकाचे कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते लिहायला सुरुवात झाली, आणि सगळ्यांत फसवे शब्द याच रकान्यात आहेत. एकोणिसाव्या शतकात ‘इन-लॉ’ हा प्रत्यय आजच्यापुरता मर्यादित नव्हता. ‘सन-इन-लॉ’ म्हणजे जावई, तसाच सावत्र मुलगाही. ‘मदर-इन-लॉ’ म्हणजे सासू किंवा सावत्र आई. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधला सॅम वेलर बापाच्या दुसऱ्या बायकोला ‘मदर-इन-लॉ’च म्हणतो, आणि त्या काळच्या वाचकाला त्यात काही खटकत नव्हते.

समजा, १८५१ च्या वहीत एक घर असे आहे: कुटुंबप्रमुख ३४ वर्षांचा, बायको ४१ वर्षांची, मग १२ वर्षांचा अविवाहित ‘सन-इन-लॉ’, त्याचे आडनाव वेगळे, त्याखाली चार वर्षांची मुलगी आणि एक वर्षाचा मुलगा, दोघांचे आडनाव कुटुंबप्रमुखाचे. बारा वर्षांचा जावई असू शकत नाही. तो बायकोच्या आधीच्या लग्नाचा मुलगा. एवढ्या एका शब्दातून पुढचा शोध कसा उघडतो ते पाहण्यासारखे आहे. मुलगा १८३९ च्या सुमाराचा. त्याचे आडनाव पहिल्या नवऱ्याचे असेल, किंवा आई तेव्हा अविवाहित असल्यास तिचे माहेरचे. थोरली मुलगी चार वर्षांची, म्हणजे दुसरे लग्न बहुधा १८४७ च्या आधीचे. जुलै १८३७ पासून इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली होती, त्यामुळे त्या लग्नाच्या दाखल्यावर वधू ‘विधवा’ की ‘अविवाहित’ हे आणि तिच्या वडिलांचे नावही मिळते. पहिला नवरा असेल तर त्याच्या मृत्यूची नोंद मुलाच्या जन्माच्या थोडी आधीपासून ते या लग्नापर्यंतच्या काळात शोधायची. १८४१ च्या वहीत तोच मुलगा दोन-तीन वर्षांचा, त्याच आडनावाने, आईजवळ दिसायला हवा. या चार गोष्टी जुळल्या की ‘सन-इन-लॉ’चा अर्थ पक्का झाला. त्यातली एकच जुळली तर तो अजून अंदाज आहे.

अशा सावत्र मुलांचे आडनाव पुढच्या खानेसुमारीत हमखास हरवते. आडनावाच्या जागी वरच्याप्रमाणे अशी खूण करत खाली जाण्याची प्रगणकांची सवय होती. त्या खुणेने सावत्र मुले, भाचे, कधी कधी नोकरही कुटुंबप्रमुखाचे आडनाव लावून मोकळे होतात. एखादा मुलगा १८५१ नंतर ‘नाहीसा’ झाला तर त्याला मेलेला मानण्याआधी सावत्र बापाच्या आडनावाने शोधावे.

इतर नात्यांचीही अशीच गत आहे. ‘कझिन’मध्ये जवळचे-लांबचे कुणीही येते. ‘सन’ किंवा ‘डॉटर’ हे नाते कुटुंबप्रमुखाशी लिहिलेले असते, त्याच्या बायकोशी नव्हे. मुले नवऱ्याच्या पहिल्या बायकोची असली तरी त्यांच्यापुढे तोच शब्द येतो, आणि वरच्या ओळीतली बाई त्यांची आई समजली जाते. आईचे वय आणि थोरल्या मुलाचे वय यांत सोळा-सतरा वर्षांपेक्षा कमी अंतर असले की इथे थांबावे. शेंडेफळाच्या बाबतीत उलटा प्रकार घडे. पन्नाशीच्या बाईपुढे दोन वर्षांचा ‘मुलगा’ आणि घरात वीस वर्षांची अविवाहित लेक असेल, तर ते मूल त्या लेकीचे असण्याची शक्यता असते. लोकलज्जेपोटी आजी-आजोबांनी नातवाला आपले मूल म्हणून लिहिणे त्या समाजात असामान्य नव्हते. जन्मदाखल्यावर मात्र आईचे नाव खरे येते, म्हणून निर्णय दाखल्याने करावा.

‘नर्स चाइल्ड’ या शब्दाने पुष्कळांना आजारी मूल आठवते. त्याचा अर्थ पैसे घेऊन सांभाळायला ठेवलेले मूल. त्याची आई बहुधा दुसरीकडे नोकरी करत असे, आणि अशी कितीतरी मुले अविवाहित मोलकरणींची होती. ‘नर्स’ हा धंदा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीपुढे दिसला तर ती दवाखान्यातली परिचारिका नव्हे, मालकाची मुले सांभाळणारी पोरगी. आणि प्रौढ बाईपुढे दिसला तर ती बाळंतिणीची शुश्रूषा करणारी असू शकते.

‘व्हिजिटर’, ‘लॉजर’ आणि ‘बोर्डर’ यांत कागदोपत्री स्पष्ट फरक होता. घरच्यांबरोबर जेवणारा तो ‘बोर्डर’, आजच्या भाषेत पेइंग गेस्ट. खोली भाड्याने घेऊन आपली चूल वेगळी मांडणारा तो ‘लॉजर’. पण सगळ्या प्रगणकांनी तो फरक सारखा पाळला नाही, म्हणून या दोन शब्दांवर फार मोठी इमारत रचू नये. ‘व्हिजिटर’ मात्र कधीही वगळू नये. त्या एका रात्री पाहुणी म्हणून नोंदली गेलेली म्हातारी बाळंतपणासाठी आलेली सासू असते, किंवा पाहुणा तरुण पुढच्या वर्षी त्याच घरचा जावई होतो. नाते असूनही ते लिहिले गेले नाही, असे सर्वाधिक याच शब्दाखाली सापडते.

‘हाउसकीपर’ हा शब्द तर स्वतंत्र प्रकरणाच्या योग्यतेचा आहे. श्रीमंत घरात नोकरांवर देखरेख करणारी पगारी बाई, मध्यमवर्गी घरात विधुराचे घर पाहणारी त्याची बहीण किंवा लेक, गरीब घरात केवळ घरकाम करणारी कुणीही स्त्री, असे तिचे अनेक अर्थ होतात. खानेसुमारीचे इतिहासकार एडवर्ड हिग्ज यांनी लँकेशायरमधील रॉचडेलच्या नोंदी तपासून दाखवले, की ‘हाउसकीपर’ म्हणून लिहिलेल्या बऱ्याच बायका नोकर नव्हत्याच. त्या घरच्याच नातेवाईक होत्या, आणि सरकारी कोष्टकांत मात्र त्यांची गणना मोलकरणींत झाली. याला आणखी एक पदर आहे. १८३५ च्या कायद्यानंतर इंग्लंडमध्ये मृत बायकोच्या बहिणीशी लग्न बेकायदा होते, आणि ही बंदी १९०७ मध्ये उठली. घटस्फोटाचे न्यायालय १८५८ मध्ये सुरू झाले, तरी सामान्य माणसाला तो खर्च परवडणारा नव्हता. त्यामुळे विधुराच्या घरी वर्षानुवर्षे राहणारी ‘सिस्टर-इन-लॉ’ किंवा ‘हाउसकीपर’ प्रत्यक्षात त्याची सहचरी असणे शक्य आहे. नवऱ्याने सोडलेली बाई ‘विधवा’ म्हणून, आणि विधिवत लग्न न झालेले जोडपे ‘विवाहित’ म्हणून नोंदलेले आढळते. प्रगणक लग्नाचा दाखला मागत नव्हता. जे सांगितले ते लिहिले गेले, आणि त्या माणसांना ज्या नात्याने जगासमोर राहायचे होते तेच नाते कागदावर उतरले.

धंद्याच्या रकान्यात अडचण दुहेरी आहे: आधी संक्षेप उलगडायचा, मग अर्थ लावायचा. ‘एजी लॅब’ म्हणजे शेतमजूर. ग्रामीण वह्यांत याच दोन शब्दांची रांग लागलेली असते. ‘एफ एस’ म्हणजे स्त्री-नोकर, ‘एम एस’ म्हणजे पुरुष-नोकर. ‘इंड’ या संक्षेपाला पुष्कळ जण उद्योगाशी जोडतात; तो ‘इंडिपेंडंट’ आहे, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नावर जगणारा. ते उत्पन्न जहागिरीचे असेल किंवा विधवेला मिळणाऱ्या तुटपुंज्या वर्षासनाचे. शब्दावरून श्रीमंती मोजता येत नाही. एकट्या ‘जे’चा अर्थ ‘जर्नीमन’: उमेदवारी पुरी केलेला, पण स्वतःचे दुकान नसलेला, रोजावर काम करणारा कारागीर. प्रवासाशी त्याचा संबंध नाही.

पूर्ण लिहिलेले शब्दही तितकेच निसरडे आहेत. ‘क्लार्क’ हा कचेरीतला कारकून असेल किंवा चर्चचा दीक्षित धर्मगुरू. ‘इंजिन ड्रायव्हर’ खाणीच्या गावात राहत असेल तर तो रेल्वेवर नसून खाणीच्या तोंडावरचे वाफेचे यंत्र चालवणारा असण्याची शक्यता जास्त. लँकेशायरमधल्या कापडगिरण्यांच्या गावातला ‘प्रिंटर’ बहुधा कापडावर छापे उठवणारा. लिंकनशायरच्या दलदलीच्या प्रदेशात ‘बँकर’ दिसला तर पेढीवाला पूर्वज मिळाला म्हणून हुरळून जाण्याआधी शेजारची घरे पाहावीत. पाण्याचा निचरा करण्यासाठी चर खणून बांध घालणाऱ्या मजुरालाही तोच शब्द होता. खाणीतला ‘बँक्समन’ खाणीच्या तोंडाशी काम करतो. धंद्याचा अर्थ गावावरून ठरतो, हे या साऱ्यांतले सूत्र. आजूबाजूच्या तीस-चाळीस घरांचे धंदे वाचले की त्या एका शब्दाचा अर्थ बहुधा आपोआप उमगतो. विसाव्या शतकातल्या नोंदींसाठी एक उत्तम साधनही आहे. १९२१ च्या खानेसुमारीतल्या वर्गीकरणावर आधारलेला धंद्यांच्या नावांचा जाडजूड कोश ब्रिटनच्या कामगार मंत्रालयाने १९२७ मध्ये प्रसिद्ध केला. कोणत्या कारखान्यात कोणत्या नावाचा कामगार नेमके काय करी, हे त्यात वाक्यावाक्याने सांगितले आहे.

मुलांपुढे दिसणारा ‘स्कॉलर’ म्हणजे विद्वान नव्हे, हे सहज कळते. पण तो नियमित शाळेत जात होता असेही त्यावरून मानू नये. शाळेत किंवा घरी शिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी तो शब्द होता, आणि इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत हजेरी सक्तीची झाली ती १८८० मध्ये. त्याआधी हा शब्द आईबापांच्या सांगण्यावर लिहिला जाई, कधी दोन-तीन वर्षांच्या लेकरापुढेसुद्धा.

बायकांच्या धंद्याचा रकाना कोरा असणे ही सगळ्या वह्यांतली सर्वांत मोठी दिशाभूल आहे. सुगीतली मजुरी, घरबसल्या केलेले शिवण, लेस विणणे, लोकांचे कपडे धुणे, नवऱ्याच्या दुकानात दिवसभर उभे राहणे, यांतले पुष्कळसे काम लिहिलेच गेले नाही. कोऱ्या रकान्याचा अर्थ ‘कमावत नव्हती’ असा कधीही करू नये.

१८५१ पासून आंधळे आणि मूकबधिर, आणि १८७१ पासून ‘इम्बेसाइल’, ‘इडियट’, ‘लुनॅटिक’ असे शब्द शेवटच्या रकान्यात येतात. आज ते वाचवत नाहीत. तेव्हा ते कायद्याच्या आणि वैद्यकाच्या परिभाषेतले होते, पण तक्ता भरणारा डॉक्टर नव्हता, घरातला माणूस होता. स्मृती गेलेल्या म्हाताऱ्या आईला ‘इम्बेसाइल’ लिहिलेले सापडते. जन्मतः मंदबुद्धी मुलाबद्दल आईबापांनी काहीच लिहिले नाही, असेही घडते. त्या एका शब्दावरून घराण्यात वेड होते असा निष्कर्ष काढणे त्या माणसावर आणि त्याच्या वंशजांवर अन्याय आहे. वेड्यांच्या इस्पितळांत आणि तुरुंगांत तर काही वेळा नावांची आद्याक्षरेच लिहिली. तिथे वय, धंदा आणि जन्मगाव यांची सांगड घालूनच माणूस ओळखावा लागतो.

१९११ च्या तक्त्यात विवाहित स्त्रीला लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली, किती हयात आहेत, किती वारली, असे विचारले होते. हे फक्त विवाहित स्त्रियांसाठी होते. तरी कित्येक विधवांनी आणि विधुरांनी ते आकडे भरले, आणि कार्यालयात ते शाईने खोडले गेले. खोडलेले आकडे बहुधा वाचता येतात, आणि लहानपणी गेलेल्या, इतर कुठल्याही खानेसुमारीत न दिसणाऱ्या भावंडांचा पत्ता तिथेच लागतो. त्याच वर्षी मताधिकार मागणाऱ्या काही स्त्रियांनी खानेसुमारीवर बहिष्कार टाकला होता. त्या रात्री त्या मुद्दाम घराबाहेर राहिल्या. १९११ मध्ये एखादी बाई सापडली नाही म्हणजे ती मेली किंवा परदेशी गेली, असे म्हणता येत नाही.

जन्मस्थानाच्या रकान्यात मराठी वाचकाच्या उपयोगाचे बरेच आहे. हिंदुस्थानात जन्मलेल्या माणसापुढे ‘ईस्ट इंडीज’ एवढेच लिहिण्याची पद्धत पुष्कळ काळ होती, आणि आजच्या वाचकाला त्यावरून जावा-सुमात्रा आठवतात. मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या शिपायांची मुले पुढे इंग्लंडमध्ये वाढली. त्यांच्या नावापुढे ‘पूना’, ‘किर्की’, ‘टॅना’, ‘अहमदनगर’ अशी गावे चित्रविचित्र वर्णांत येतात. ‘किर्की’ म्हणजे खडकी आणि ‘टॅना’ म्हणजे ठाणे, हे इथल्या माणसाला ऐकताच कळते. तिकडच्या नक्कल करणाऱ्याने त्याचे कधी काय केले असेल ते सांगता येत नाही. मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या आणि दफनांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांत ‘एन/३’ या मालिकेत आहेत, आणि ‘ईस्ट इंडीज’चे नेमके गाव तिथे मिळू शकते.

‘लास्कर’ म्हणजे आशियाई खलाशी. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, सिल्हेटचे बंगाली, मलबारी अशा साऱ्यांना तो एकच शब्द होता. जहाजावरच्या किंवा लंडनच्या लाइमहाउसमधल्या परदेशी खलाशांसाठी १८५७ मध्ये उघडलेल्या वसतिगृहातल्या नोंदीवरून त्याचे मूळ गाव ठरवता येत नाही. साहेबाच्या मुलांबरोबर विलायतेला गेलेल्या आयांची ओळख तर आणखी पुसट. त्यांचे स्वतःचे नाव पुष्कळदा लिहिले गेले नाही; ‘आया’ हा धंदाच नावाच्या जागी, आणि पुढे मालकाचे आडनाव. अमेरिकेच्या १९२०, १९३० आणि १९४० च्या खानेसुमाऱ्यांत वंशाच्या रकान्यात ‘हिंदू’ असे लिहीत, पण त्याचा धर्माशी संबंध नव्हता. हिंदुस्थानातून आलेला कुणीही ‘हिंदू’. कॅलिफोर्नियात शेती करणारे पंजाबी शीख आणि मुसलमानही त्यात आहेत.

महाराष्ट्रातल्या माणसाला आपल्या आजोबा-पणजोबांची नोंद अशी शोधता येत नाही. हिंदुस्थानात एकाच वेळी सर्वत्र झालेली पहिली खानेसुमारी १८८१ ची. तिचे आणि नंतरच्यांचे अहवाल व कोष्टके उपलब्ध आहेत, पण घरोघरचे तक्ते बेरजा झाल्यावर जपून ठेवण्याची रीत नव्हती. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तीची नोंद गोपनीय ठरवली आहे. इथे आधार घ्यावा लागतो तो कुलवृत्तांतांचा, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांचा, जमिनीच्या आणि शाळेच्या दाखल्यांचा, आणि त्याही मागे जायचे तर पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदांचा. त्यांत गावांच्या आणि पेठांच्या खानेसुमाऱ्याही आहेत, आणि शब्दांची अडचण तिथेही तीच. ‘कुणबीण’ हा शब्द पेशवाईच्या कागदात आला की तो कुणबी जातीची स्त्री असाच घ्यायचा नसतो. विकत घेतलेल्या किंवा बटकी म्हणून ठेवलेल्या दासीला तो शब्द होता, मग ती कोणत्याही जातीची असो. ‘कुळ’ म्हणजे कुठे घराणे, कुठे सारा भरणारा शेतकरी, कुठे कर्जदार. ‘उपरी’ म्हणजे वतनी हक्क नसलेला कसणारा; त्या गावात तो दोन पिढ्या राहिलेला असू शकतो. अशा शब्दांसाठी आजचा कोश पुरत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये, पेशवाई बुडाल्यावर अवघ्या तेरा वर्षांनी निघाला. जुन्या दफ्तरी शब्दांसाठी आधी तो पाहावा.

नोंद विलायतेची असो वा दफ्तरातली, ती उतरवून घेताना मूळ शब्द आहे त्याच वर्णांत, संक्षेपासह, खाडाखोडीसह उतरवावा. साल, गाव, पानाचा क्रमांक आणि दफ्तराचा संकेत त्याच्याजवळच लिहावा. ब्रिटिश खानेसुमारीचे हे संकेत ठरलेले आहेत: १८४१ आणि १८५१ साठी ‘एचओ १०७’, १८६१ साठी ‘आरजी ९’, आणि तिथून एकेक वाढत १९२१ साठी ‘आरजी १५’. आपण लावलेला अर्थ वेगळ्या ओळीत, आपला म्हणून लिहावा. ‘सन-इन-लॉ’च्या जागी ‘जावई’ लिहून मूळ शब्द टाकून दिला, तर ती चूक पुढे कुणालाही दुरुस्त करता येत नाही.